पाळत सरकारची, सही आईबाबांची: किशोरांच्या डिस्टोपियन कादंबऱ्यांबद्दल

पानगळ

(रसभंगाचा इशारा: 'द गिव्हर', 'लिटल ब्रदर', 'द हंगर गेम्स' आणि 'फीड' यांच्या शेवटापर्यंतचं सगळं इथे येणार आहे.)

ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर'मध्ये पार्सन्स नावाचा घामट, सरकारभक्त शेजारी आहे. त्याची पोरं सरकारी बालहेरांच्या संघटनेत. एका रात्री त्याची सात वर्षांची मुलगी किल्लीच्या भोकाला कान लावते, बाप झोपेत सरकारविरोधी बरळतो ते ऐकते आणि दुसऱ्या दिवशी गस्तवाल्यांना सांगून मोकळी होते. बाप कोठडीत येऊन पडतो आणि वर पोरीचं कौतुकही करतो. १९४९ च्या त्या कादंबरीत मोठ्यांना धाक आहे तो घरातल्या लहानांचा.

आता १९९० नंतर इंग्रजीत खास किशोरांसाठी लिहिलेल्या या जातीच्या, म्हणजे बिघडलेल्या, दडपलेल्या समाजाचं चित्र रंगवणाऱ्या डिस्टोपियन कादंबऱ्या घ्या. चित्र उलटं आहे. सरकार पाळत ठेवतंच, पण घरात शिरतं ते आईबाबांनी दार उघडून दिल्यामुळे. आईबाबा वाईट नसतात. मायाळू असतात, काळजीने वागतात, पोराला जेवू घालतात, आणि त्याच काळजीपोटी सही करून देतात. मला वाटतं या पुस्तकांचा खरा विषय तोच आहे. 'सरकार विरुद्ध तरुण' हे वेष्टन झालं.

लोइस लॉरीचं 'द गिव्हर' (१९९३) बघा. प्रत्येक घरात एक लाऊडस्पीकर, सतत चालू. तो नुसता बोलत नाही, बघतोही. अकरा वर्षांचा जोनास खेळाच्या मैदानावरून एक सफरचंद घरी नेतो, तर त्याच संध्याकाळी घोषणा होते की खाऊ खायचा असतो, साठवायचा नसतो. नाव घेत नाहीत. 'अकराव्या वर्षातील मुलग्यांना स्मरण देण्यात येते' एवढंच. पोराला कळतं, घरच्यांनाही कळतं, आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही.

पण लाऊडस्पीकरपेक्षा मला घाबरवलं ते जेवणाच्या टेबलाने. रोज सकाळी प्रत्येकाने आपलं स्वप्न सांगायचं, रोज रात्री आपल्या भावना सांगायच्या. आईवडील शांतपणे ऐकतात, समजून घेतात. जोनासला एका मैत्रिणीबद्दल पहिल्यांदा काहीतरी वाटणारं स्वप्न पडतं, तो ते प्रामाणिकपणे सांगतो आणि आई त्याच दिवसापासून त्याला गोळी सुरू करते. ओरडत नाही, रागवत नाही. गोळी देते. तिथे सरकारला कॅमेरा लावायची गरजच काय?

पुढे अख्ख्या समाजाच्या जुन्या आठवणी सांभाळायच्या कामासाठी जोनासची निवड होते आणि त्याला नवे नियम मिळतात. त्यांत एक असा, की यापुढे स्वप्नं सांगायला मनाई. दुसरा, खोटं बोलायला मुभा. मग त्या आठवणी त्याला देणारा म्हातारा, गिव्हर, त्याच्या खोलीत तो जातो आणि बघतो तर तिथल्या स्पीकरला बंद करायचं बटण! अख्ख्या पुस्तकात मला सर्वांत जास्त हलवणारी जागा कुठली म्हणाल तर ही. रंगांचा शोध, बर्फावरची घसरगाडी वगैरे सुंदर आहे, पण ते बटण बघून पोराचा जो चेहरा होत असेल, त्याला तोड नाही. खासगीपणा त्या समाजात शिल्लक आहे, फक्त तो हुद्द्याबरोबर मिळतो.

कोरी डॉक्टरोच्या 'लिटल ब्रदर'मध्ये (२००८) हेच उघडपणे येतं. सॅन फ्रान्सिस्कोत बे ब्रिजवर बॉम्बस्फोट होतो, सतरा वर्षांचा मार्कस आणि त्याचे मित्र चुकीच्या वेळी चुकीच्या जागी सापडतात, गृहसुरक्षा खातं त्यांना उचलून नेतं. सुटून घरी आल्यावर तो बघतो की शहरभर तपासण्या सुरू झाल्यात आणि त्याचा बाप, जो चांगला शिकलेला उदारमतवादी माणूस आहे, त्या सगळ्याचं समर्थन करतोय. का? कारण ते चार-पाच दिवस त्याला वाटत होतं की पोरगा मेला. बापाचं भय खरं आहे. डॉक्टरोने त्याला मूर्ख ठरवलेलं नाही, हे मला फार आवडलं.

तर धागा काढण्याचं कारण: सोसायटीत दहावी-बारावीच्या मुलांबरोबर एक वाचनगट चालवते. मुलांना ही पुस्तकं भयंकर आवडतात आणि पालकांना वाटतं की 'छान, पोरं लोकशाहीबद्दल वाचतायत'. पुस्तकात आपण कुठे आहोत हे पालकांना दिसत नाही. तुम्हाला काय वाटतं?

मीटरडाऊन

पहिला! (पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचा काश्मीर व्हायला, म्हणजे भांडण पेटायला, किती वेळ लागतो बघू.)

बिनपगारी

धागा आवडला, पण मुद्दा पटला नाही. मी दोन मुलींचा बाप आहे, धाकटी सातवीत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना झाली, त्यानंतर राज्य सरकारने सगळ्या शाळांत सीसीटीव्ही बंधनकारक केले. त्या आठवड्यात मी झोपलो नव्हतो. शाळेच्या पालकसभेत 'कॅमेरे लावा' म्हणून सर्वांत मोठ्याने ओरडणारा मीच होतो आणि आजही ओरडेन. कादंबरीत कॅमेरा म्हणजे खलनायक. प्रत्यक्षात कित्येकदा तोच एकमेव साक्षीदार असतो.

लेखक मंडळींना सॅन फ्रान्सिस्कोत बसून स्वातंत्र्याबद्दल लिहायला काय जातंय?

पानगळ

@बिनपगारी, तुमचा राग समजतो. आणि खरं सांगायचं तर तुम्ही माझाच मुद्दा पुढे नेताय. मार्कसचा बाप नेमकं हेच बोलतो. मी त्याला चूक म्हटलेलं नाही. पण कॅमेरा कुठे लावायचा, कोण बघणार, किती दिवस चित्रण ठेवणार, हे त्या सभेत कुणी विचारलं का? शाळेच्या फाटकावरचा कॅमेरा आणि वर्गातला कॅमेरा यांत मला तरी फरक वाटतो. दिल्ली सरकारने २०१९ मध्ये सरकारी शाळांच्या वर्गांत कॅमेरे लावून त्याचं थेट चित्रण पालकांना ॲपवर दाखवायची योजना सुरू केली होती. म्हणजे तुमच्या मुलीला फळ्यापाशी उभं करून उत्तर येत नाही, हे वर्गातल्या चाळीस जणींच्या घरी दिसणार.

खडूफळा

मी शिक्षिका. वर्गात कॅमेरा असतो तेव्हा काय होतं ते सांगते. पोरं शहाणी होत नाहीत, त्यांना कॅमेऱ्याचा कोपरा कळतो. कुठल्या बाकापर्यंत दिसतं, आवाज जातो की नाही, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पाठ. आणि मीसुद्धा बदलते. पूर्वी कविता शिकवताना विषय भरकटला तर भरकटू द्यायची. आता मनात येतं, हे कुणी तुकडा कापून फिरवलं तर?

'हंगर गेम्स'मध्ये सरकार सोडत काढून पोरांना टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या जीवघेण्या खेळात उतरवतं. त्यात मला हाच भाग सर्वांत खरा वाटला. खेळात उतरलेली कॅटनिस गुहेत तिच्याच गावच्या पीटाचं चुंबन घेते आणि वरून पॅराशूटने गरम रश्शाचं भांडं येतं. मेंटॉरने न लिहिलेला निरोप असतो तो, की एका चुंबनाला एक भांडं. त्यानंतर तिला स्वतःलाच कळेनासं होतं की आपल्याला तो आवडतो की आपण कॅमेऱ्यासाठी वागतोय. तिसऱ्या पुस्तकापर्यंत तो गुंता सुटत नाही. लोक याला प्रेमाचा त्रिकोण म्हणतात. मला तर तो सतत बघितल्या जाणाऱ्या मुलीचा आजार वाटतो.

टेकडीवरचा

@पानगळ, तुमचं सूत्र 'हंगर गेम्स'ला लागू होत नाही. कॅटनिसची आई काहीच सही करत नाही. नवरा खाणीतल्या स्फोटात गेल्यावर ती बाई आतून मिटून गेलेली असते, घर अकरा-बारा वर्षांची पोरगी चालवते.

मात्र त्या पुस्तकात सही आहेच, ती पोरं स्वतः करतात. टेसेरा आठवतो का? बाराव्या वर्षापासून तुम्ही सोडतीत आपलं नाव जास्त वेळा टाकू शकता. प्रत्येक जादा चिठ्ठीला एका माणसाचं वर्षभराचं धान्य आणि तेल, तेही जेमतेम. आणि चिठ्ठ्या दरवर्षी साचत जातात. म्हणून कॅटनिसचं नाव २० वेळा आणि गेलचं ४२ वेळा. श्रीमंताच्या पोरीचं पाच वेळा. कागदावर सोडत सगळ्यांना समान, प्रत्यक्षात ज्याची चूल विझलेली त्याचं नाव भांड्यात जास्त.

सरकार नोंद मागतं तेव्हा ती सगळ्यांकडून सारखी मागत नाही, हे मला तरी याहून नेमकं कुठे वाचायला मिळालेलं नाही. ज्याला रेशनची गरज नाही त्याच्या बोटांचे ठसे जुळले काय, न जुळले काय. शेतात राबून बोटं झिजलेल्या म्हाताऱ्याला दुकानदार 'परत या' म्हणतो.

आणि जॅबरजेबद्दल कुणीच कसं बोललं नाही अजून? पाळतीबद्दलची इतकी चतुर कल्पना दुसरीकडे नाही. बंडखोरांचं बोलणं ऐकून जसंच्या तसं परत म्हणून दाखवणारे पक्षी कॅपिटल, म्हणजे राजधानीतलं सरकार, तयार करतं. लोकांच्या ते लक्षात येतं आणि ते पक्ष्यांना खोटं सांगू लागतात. कॅपिटल वैतागून पक्षी रानात सोडून देतं, मरा म्हणतं. ते मरत नाहीत, मॉकिंगबर्डशी त्यांचा संकर होतो आणि त्यातून जे निघतं ते, म्हणजे मॉकिंगजे, पुढे बंडाचं चिन्ह. म्हणजे बंडाची खूणच मुळात फसलेल्या हेरगिरीचं पिल्लू!

मीटरडाऊन

टेकडीवरचा, प्रतिसाद कसला, हा स्वतंत्र लेख आहे. वाचनखूण साठवली. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

बिनपगारी

बरं, खोटं सांगून सरकारला दमवायचं हा उपाय झाला का? गुन्हेगारही तेच करतील.

अर्धविराम

सॉफ्टवेअरमध्ये आहे, विदा (डेटा) हाच धंदा, म्हणून थोडं आकड्यांत बोलतो. 'लिटल ब्रदर'मध्ये मार्कस हा हिशोब समजावतो, तो मी आपल्या पद्धतीने मांडतो.

समजा एक कोटी वस्तीचं शहर आहे. त्यात खरे घातपाती १००. तुम्ही असं यंत्र आणलंत जे ९९ टक्के अचूक आहे, म्हणजे शंभरांत एकदाच चुकतं. ऐकायला झकास. आता ते सगळ्यांवर चालवा. १०० पैकी ९९ सापडतील. उरलेल्या ९९,९९,९०० निरपराधांपैकी एक टक्का, म्हणजे ९९,९९९ माणसंही 'संशयित' म्हणून बाहेर पडतील. यंत्राने बोट दाखवलेल्या हजार माणसांत खरा कसाबसा एक. उरलेल्या ९९९ जणांची चौकशी करण्यात पोलिसांचा जन्म जाणार आणि तेवढ्यात तो एक विमानात बसलेला असणार.

मार्कस आणि मंडळी पुढे जे करतात, म्हणजे टोलचे टॅग आणि प्रवासाची कार्डं यांची अदलाबदल करून सगळ्यांचीच हालचाल विचित्र दाखवायची, त्याचा उद्देश लपणं हा नाहीच. हा हिशोब सरकारच्या तोंडावर फेकायचा, हा आहे. आणि त्यात त्याच्या बापालाच पोलिस अडवून विचारपूस करतात. तो प्रसंग वाचताना मी मोठ्याने हसलो होतो.

यंत्र ९९ टक्के अचूक असतं ही तर उदार कल्पना झाली. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देताना सांगितलं होतं, की चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीत ८० टक्क्यांच्या वर साम्य आलं की ते ती ओळख जुळली असं धरतात. ८० टक्के साम्य तर माझं आणि माझ्या मावसभावाचं आहे.

@बिनपगारी, फाटकावरचा कॅमेरा याच्यात बसत नाही. घटना घडल्यावर मागे जाऊन बघणं वेगळं, आणि घडायच्या आधी सगळ्यांना चाळत बसणं वेगळं. माझा विरोध दुसऱ्याला आहे.

बिनपगारी

@अर्धविराम, हा फरक मान्य. हे आधी सांगायचं ना! कादंबरीवाले सगळं एकाच पातेल्यात ढवळतात.

फ्रीमाँटकर

उशिरा आलो. बे एरियात राहतो, त्यामुळे 'लिटल ब्रदर' वाचताना रोजचे रस्ते भेटत होते. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. पुस्तकात मार्कसची शाळा मुलांना फुकट लॅपटॉप देते आणि त्यातून त्यांच्यावर नजर ठेवते. पुस्तक २००८ चं. फेब्रुवारी २०१० मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन शाळा-जिल्ह्याविरुद्ध खटला दाखल झाला. शाळेने मुलांना दिलेल्या लॅपटॉपचा कॅमेरा दुरून चालू करता येत होता, चोरीला गेलेला लॅपटॉप शोधण्यासाठी म्हणून. त्यातून मुलांच्या घरातली, त्यांच्या खोल्यांतली हजारो छायाचित्रं आणि स्क्रीनचे फोटो गोळा झाले होते. एका मुलाला शाळेने बोलावून विचारलं की तू घरी गोळ्या खातोस का. त्याच्या म्हणण्यानुसार तो चघळायचा गोड खाऊ होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ६,१०,००० डॉलरना तडजोड झाली. त्यात सरकारचं गुप्तहेर खातं वगैरे कुणी नव्हतं. शाळाच होती, आणि हेतू लॅपटॉप सांभाळण्याचा.

दुसरी. मे २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने शहराच्या पोलिसांसह सर्व खात्यांना चेहरा ओळखणारं तंत्र वापरायला बंदी घातली. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत पहिलीच. ज्या शहरात डॉक्टरोने पाळतीचं राज्य कल्पिलं, तिथेच. पुस्तकामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी त्यासाठी आवाज उठवला त्यांतल्या काहींनी ते शाळेत असताना वाचलं असणार, असा माझा आपला अंदाज.

अवांतर: २०१४ मध्ये फ्लोरिडात पेन्साकोलाच्या एका हायस्कूलमध्ये हे पुस्तक उन्हाळ्यात सगळ्या शाळेने वाचायचं ठरलं होतं. मुख्याध्यापकांनी तो कार्यक्रमच रद्द केला. लेखक आणि प्रकाशकाने मिळून २०० प्रती शाळेच्या मुलांसाठी फुकट पाठवल्या. तसंही डॉक्टरो हे पुस्तक आपल्या संकेतस्थळावर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत देतो, ज्यांना हवं त्यांनी तिथून घ्यावं.

जुनापेपर

मी वयाने तुमच्यापैकी बहुतेकांचा काका. ही इंग्रजी पुस्तकं नातवाने दिली म्हणून वाचली. मला यात एक गोष्ट खटकते. सगळ्यांत शेवटी पोरं जिंकतात किंवा निदान पळून तरी जातात. आणीबाणीत (जून १९७५ ते मार्च १९७७) मी कॉलेजात होतो. तेव्हा यंत्रं नव्हती. होता तो पानवाला, वसतिगृहाचा रेक्टर आणि वर्गातला एखादा. कोण कुणाला जाऊन सांगतो ते कळायचं नाही, म्हणून आम्ही आपापसातच बोलायचं कमी केलं. सरकारला आमचं सगळं ऐकू येत होतं असं मुळीच नाही. येत असेल असं आम्हाला वाटत होतं, तेवढ्यावर काम भागत होतं.

१९७५ मध्येच कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून उघड बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. त्या वेळी त्या पासष्टीच्या होत्या. बंड करायला सोळा वर्षांचंच असावं लागतं असं काही नाही, हे त्या नातवाला सांगायचं राहून गेलं होतं, इथे सांगतो.

टेकडीवरचा

काका, _/\_. 'येत असेल असं वाटत होतं' हे वाक्य 'हंगर गेम्स'च्या अगदी सुरुवातीला आहे. कॅटनिस कुंपणापलीकडे रानात आहे, आसपास चिटपाखरू नाही, तरी कुणी ऐकेल म्हणून आवाज खाली घेते. आईसमोर काही बोललं की आई घाबरते, म्हणून घरातही तिने बोलणं सोडलंय.

आणि पुस्तकातली पोरं जिंकतात, पण बाहेर त्याची किंमत वेगळी निघते. थायलंडमध्ये मे २०१४ च्या लष्करी बंडानंतर लोक चित्रपटातली ती तीन बोटांची सलामी देऊ लागले. लष्कराने अटकेची तंबी दिली. नोव्हेंबरमध्ये 'मॉकिंगजे'चा पहिला भाग लागला तेव्हा सलामी देणाऱ्या विद्यार्थ्यांना पकडलं आणि बँकॉकमधल्या एका चित्रपटगृह साखळीने खेळच रद्द केले. २०२१ मध्ये म्यानमारमध्येही तीच बोटं वर गेली.

पानगळ

@टेकडीवरचा, बघा, 'आई घाबरते म्हणून घरात बोलत नाही'. म्हणजे कॅटनिसची आई सही करत नाही, पण पोरीचा आवाज घरातच बंद होतो. माझं सूत्र लंगडत का होईना, उभं आहे!

एम. टी. अँडरसनच्या 'फीड'बद्दल (२००२) कुणी लिहिलं नाही. माझ्या मते या सगळ्यांत ते सर्वांत कडू पुस्तक. तिथे सरकार जवळपास अदृश्य आहे, पाळत आहे ती कंपन्यांची. बहुतेकांच्या मेंदूत लहानपणीच फीड नावाचं यंत्र बसवलेलं, त्यातून जाहिराती, गप्पा, खरेदी. व्हायोलेट नावाच्या मुलीला ते उशिरा, सात वर्षांची झाल्यावर बसवलंय. बाप जुन्या मृत भाषांचा प्राध्यापक, त्याचा या प्रकाराला विरोध. पण तो एका नोकरीच्या मुलाखतीला जातो, तिथली माणसं फीडवरून आपसांत बोलून त्याला हसतात. पोरगी अशी मागे पडू नये म्हणून तो तयार होतो. बघा, परत सही. आणि परत प्रेमानेच.

मोठी झाल्यावर व्हायोलेट अर्धविराम म्हणतात तोच खेळ करते. दुकानांत जाऊन कशाचाही कशाशी मेळ नसलेल्या वस्तूंबद्दल चौकशी करायची, म्हणजे आपण कोण हे फीडला कळू नये. मार्कसला या डावाने यश मिळतं. व्हायोलेटचं फीड बिघडतं, दुरुस्तीला पैसे लागतात, ती कंपनीकडे अर्ज करते आणि उत्तर येतं की तुमच्या खरेदीचा अंदाज बांधता येत नाही, सबब तुमच्यावर खर्च करणं आम्हाला परवडत नाही. ती मरणाच्या दारात जाऊन पडते. खोटी माहिती देऊन सरकारला दमवता येतं, कारण सरकारला निदान न्यायालयात, निवडणुकीत उत्तर द्यावं लागतं. कंपनी नुसती पाठ फिरवते.

गोदाकाठ

व्यवसायाने वकील, नाशिक. इतका वेळ नुसता वाचत होतो. कायद्याची बाजू थोडक्यात, कारण पानगळताईंच्या सूत्राला आमच्याकडे चक्क कलमं आहेत.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात. त्याआधीचा १९६२ चा खरक सिंग निकाल मोठा गमतीचा. पोलिसांनी रात्री-अपरात्री माणसाच्या घरी जाऊन 'आहे का घरात' बघणं न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं, आणि त्याच निकालात बहुमताने म्हटलं की खासगीपणाचा असा हक्क घटनेत नाही. पंचावन्न वर्षं आपण त्या विसंगतीत काढली. २०१७ च्या निकालाने सरकारला तीन प्रश्न लावले: कायदा आहे का, हेतू वैध आहे का, आणि त्या हेतूला लागेल तेवढंच करताय का. @बिनपगारी, तुमच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याला हेच तीन प्रश्न लावून बघा, तो सहज पास होईल. वर्गातला होईल याची मला खात्री नाही.

आता मुलांचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण 'बालक'. पाच वर्षांचाही आणि सतरा वर्षं अकरा महिन्यांचाही. कंपन्यांना मुलांचा माग काढायला, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. हे चांगलंच. पण त्यांची माहिती घ्यायची तर संमती पालकांची. मुलांची वेगळी संमती कुठेच नाही. शिवाय सरकारला आपल्या संस्था अधिसूचना काढून या कायद्यातून वगळता येतात. म्हणजे मुलाचा खासगीपणा कंपनीपासून बराचसा राखला, सरकारपासून कमी, आणि आईबापांपासून राखायचा असतो ही कल्पनाच कायद्यात नाही.

एक अपवाद आहे आणि तो फार लोकांना ठाऊक नसतो. आधारच्या २०१८ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की लहानपणी आईबापांच्या संमतीने आधारमध्ये नोंदवलेल्या मुलाला सज्ञान झाल्यावर बाहेर पडायची मुभा हवी. त्यानुसार २०१९ ला कायद्यात दुरुस्ती झाली: अठरा पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत आधार रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. त्याच निकालाने शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही असंही सांगितलंय. शाळेचा फॉर्म भरताना पालकांनी ते वाचलं असेल तर कळवा, चहा पाजतो.

खडूफळा

कोणीही वाचत नाही. मी स्वतः ते फॉर्म गोळा करते.

तिरपीरेघ

नमस्कार. मी पानगळ मावशीच्या वाचनगटात आहे (होती, आता एफवाय). धागा पहिल्यापासून वाचला. सगळे आमच्याबद्दल बोलताहेत म्हणून खातं काढलं.

मावशी, तुझं सूत्र 'गिव्हर'ला लागू आहे, पण 'लिटल ब्रदर' तू अर्धंच सांगितलंस. मार्कस सगळं एकट्याने करतो तोपर्यंत हरत जातो. एक्सबॉक्सवर नेटवर्क उभारतो, टोपणनावाने हिरो होतो, 'पंचविशीच्या वरच्या कुणावर विश्वास ठेवू नका' ही घोषणा सुरू होते आणि त्यातूनच पोरं पकडली जातात. मेला असं वाटत असलेला त्याचा मित्र डॅरिल जिवंत आहे हे त्याला कळतं, तेव्हा तो आईबाबांना सगळं सांगतो. कोठडी, मारहाण, सगळं. आणि ज्या बापाने इतके दिवस सरकारची बाजू घेतली तो तिथल्या तिथे बदलतो. तेच त्याला पत्रकार बाईंकडे नेतात. म्हणजे पंचविशीच्या वरच्यांवर विश्वास टाकल्यावरच पुस्तक पुढे सरकतं. डॉक्टरो त्या घोषणेच्या विरुद्ध लिहितोय आणि ते सगळ्यांच्या नजरेतून निसटतं.

मला वाटतं बापाला आधी कुणी खरं सांगितलंच नव्हतं. मार्कसने घरी येऊन थाप मारली होती, की पुलापलीकडे अडकलो होतो. बाप थापेवर मत बनवत होता. घरोघरी हेच असतं. आम्ही लपवतो, तुम्ही त्या लपवण्याला घाबरता, मग लोकेशन चालू ठेव म्हणता.

आणि एक सांगू? आम्ही मैत्रिणी एकमेकींना चोवीस तास लोकेशन दाखवतो. त्याचं काही वाटत नाही, कारण कुणीही कधीही बंद करू शकतं आणि केलं तर फार तर 'काय गं, भांडलीस का' एवढंच विचारतात. घरच्या ॲपवर बंद केलं की दोन मिनिटांत फोन येतो. मला गिव्हरच्या स्पीकरचं बटण हवंय, स्पीकरचा इतका राग नाहीये.

बिनपगारी

@तिरपीरेघ, बाळा, फोन मीच करतो तो. दोन मिनिटांत. थोरलीला विचारून बघतो तिचं काय म्हणणं आहे ते. पण रात्री दहानंतर चालूच राहील, त्यावर चर्चा नाही.

मीटरडाऊन

काश्मीर झालाच नाही. पॉपकॉर्न वाया.

पानगळ

@तिरपीरेघ, बापाला थापेवर मत बनवावं लागलं हा मुद्दा मला मान्य. पण तुझ्या वाचनाने 'गिव्हर' आणखी भयानक होतं, लक्षात आलं का? जोनास घरी रोज खरंच सांगत असतो. तिथे थाप नाही, संवाद भरपूर आहे, आई-बाबा शांतपणे ऐकतात. तरी शेवटी तो बापाला टाकून पळतो. कारण 'खासगी समारंभांचंही चित्रण होतं' असं सांगून गिव्हर त्याला ते दाखवतो, आणि त्यात बाप गोड बोलत, जुळ्यांतल्या कमी वजनाच्या बाळाला सुई टोचताना दिसतो. ज्या पाळतीने पोराला दाबलं तिनेच त्याला बापाचं खरं रूप दाखवलं. यावर पुढच्या बैठकीत भांडू. 'फीड' वाचून ये.

तिरपीरेघ

येते. @गोदाकाठ काका, ते सहा महिने नक्की कधीपासून? मी एप्रिलमध्ये अठराची झाले.

गोदाकाठ

अठरावं वर्ष पूर्ण झालं त्या दिवसापासून. पण अर्ज करण्याआधी पॅन, बँक, शिष्यवृत्ती, प्रवेशाचे फॉर्म या सगळ्याचा नीट हिशोब कर. मुभा कागदावर आहे, रोजचं जगणं त्या क्रमांकाला बांधलेलं आहे.

तिरपीरेघ

म्हणजे ऑक्टोबरपर्यंत. रद्द करीन असं नाही. पण माझ्याकडे अशी तारीख होती हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, आत्ताच विचारलं. बाबा म्हणाले, "अगं, तेव्हा तू चार वर्षांची होतीस, मांडीवर धरून बसलो होतो."